फुलपाखरामागचा माणूस

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव बहुधा डार्विनच्या नावाला जोडूनच घेतले जाते. पण वॉलेसची खरी ओळख होते ती रानात. १८२३ साली वेल्समधील अस्क गावाजवळ जन्मलेल्या या मुलाची शाळा गरिबीमुळे चौदाव्या वर्षीच सुटली. थोरल्या भावाबरोबर जमीनमोजणी करता करता त्याला झाडापानांचा नाद लागला. १८४४ मध्ये लेस्टर येथे शिक्षकी करताना हेन्री बेट्स हा कीटकवेडा मित्र भेटला आणि १८४८ मध्ये दोघांनी थेट ॲमेझॉनचे अरण्य गाठले.

चार वर्षांच्या श्रमांचे फळ मात्र समुद्रात गेले. १८५२ मध्ये परतीच्या वाटेवर जहाजाला आग लागली, संग्रह जळाला आणि दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर त्याची सुटका झाली. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. वॉलेस १८५४ मध्ये पुन्हा निघाला, या वेळी मलाय द्वीपसमूहाकडे.

१८५८ च्या ऑक्टोबरात तो मोलुक्कातील बचान बेटावर उतरला. पहिल्याच फेरीत उंच पानावर बसलेले एक भले मोठे, गडद फुलपाखरू दिसले. पण ते हाती लागले नाही. पुढचे दोन महिने त्याचे दर्शनही दुर्मिळ झाले. १८५९ च्या जानेवारीत आपल्याकडील भूतकेसाच्या भाऊबंदांपैकी एक झुडूप त्याला गवसले. त्याच्या पिवळ्या फुलांवर तेच फुलपाखरू घिरट्या घालीत होते. पहिल्या दिवशी ते निसटले, दुसऱ्या दिवशी मादी मिळाली, तिसऱ्या दिवशी नर. मखमली काळ्या पंखांवर ज्वालेसारखा नारिंगी रंग आणि विस्तार सात इंचांहून अधिक! जाळ्यातून काढताना त्याची छाती इतकी धडधडली की मूर्च्छा येते की काय असे त्याला वाटले. उरलेला दिवस डोकेदुखीत गेला.

हा आनंद केवळ छंदिष्टाचा नव्हता. नमुने विकूनच त्याचे पोट भरत होते. तरीही कोणता जीव कोणत्या बेटावर मिळाला, याची तो नोंद ठेवी. त्यातूनच आशियाई व ऑस्ट्रेलियन प्राणिसृष्टींमधील सीमारेषा त्याला उमगली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. नैसर्गिक निवडीवरचा त्याचा निबंध १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनच्या लेखनासोबत वाचला गेला, तोही त्याला न विचारता. त्याने त्याचे वैषम्य मानले नाही. उलट १८८९ मध्ये स्वतःच्या ग्रंथाला त्याने ‘डार्विनिझम’ हेच नाव दिले. १९१३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी तो निवर्तला.

आपल्या गावाभोवतीच्या माळावरही फुलपाखरे आहेत. कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात दिसले, एवढे वहीत टिपायला पदवी लागत नाही. वॉलेस घराबाहेर पडला तेव्हा त्याच्याकडेही ती नव्हती.