होळी ते नाथषष्ठी : शांतिब्रह्म संत एकनाथ महाराज



फाल्गुन पौर्णिमेस शेणाच्या चाकोल्यांच्या माळा अर्पण करून आपण होळी पेटवितो, दुसऱ्या दिवशी धूळवड खेळतो, पंचमीस रंग उधळतो आणि सण संपला असे मानतो. परंतु लगेच फाल्गुन वद्य षष्ठीस नाथषष्ठी येते. आपल्या भागात वापरल्या जाणाऱ्या हिंदी पंचांगात हीच तिथी चैत्र कृष्ण षष्ठी म्हणून छापलेली असते. होळीत नेमके काय जाळावयाचे, हे ज्यांच्या आचरणातून कळते, त्या संत एकनाथ महाराजांची ही पुण्यतिथी. त्यानिमित्त त्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

नाथांचा जन्म गोदाकाठी पैठण येथे इ. स. १५३३ च्या सुमारास झाला. थोर विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या चरणी राहून त्यांनी गुरुसेवा केली आणि गुरूंच्याच आज्ञेने गिरिजाबाईंसह गृहस्थाश्रम स्वीकारला. प्रपंच न सोडता परमार्थ साधणे हे त्यांच्या जीवनाचे सूत्र होते.

परंपरा सांगते की, गोदास्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य वारंवार थुंकत असे. नाथ प्रत्येक वेळी शांतपणे नदीकडे वळत व पुन्हा स्नान करीत. अखेर तो मनुष्यच ओशाळून त्यांना शरण गेला. धूळवडीस अंगावर चिखल पडताच ज्यांना जुने वैर आठवते, त्यांनी हा प्रसंग अवश्य स्मरावा.

श्राद्धाचे अन्न नाथांनी भुकेल्या अस्पृश्यांस वाढले, तेव्हा पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. विरोध घरातही होता. पुत्र हरिपंडित यांस पित्याचे प्राकृतातील निरूपण न रुचल्याने ते काशीस निघून गेले. नाथांनी पुत्राचा दुस्वास केला नाही आणि आपला मार्गही सोडला नाही. कालांतराने हरिपंडितांचे मतपरिवर्तन झाले.

एकनाथी भागवत नाथांनी १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केले. संस्कृत विद्येच्या त्या पीठात मराठी ग्रंथाची प्रथम कसून चिकित्सा झाली आणि नंतर त्याचा गौरव झाला, असे चरित्रकार सांगतात. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ वेगळा झाला, आपला सौंसर-पांढुर्णा परिसर मध्य प्रदेशातच राहिला; तरीही येथे घरोघरी मराठी टिकून आहे. हिंदी मुलुखात मराठी जपणाऱ्या आपल्या माणसांना काशीत मराठी ग्रंथ पूर्ण करणारे नाथ विशेष जवळचे वाटावेत.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. पैठणचा उत्सव षष्ठीपासून अष्टमीपर्यंत चालतो व काल्याने त्याची सांगता होते. काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवली जाते. मग कोणता घास कोणाच्या घरचा, हे ओळखता येत नाही.

वसंतोत्सवाचा आध्यात्मिक अर्थ आमच्या मते हाच आहे. होळीत क्रोध व अहंकार जाळावा, रंगात भेद बुडवावा आणि काल्यात सर्वांनी एक व्हावे. होळीची लाकडे एका रात्रीत जळतात. मनातील अढी जाळण्यास मात्र नाथांचे संपूर्ण आयुष्य साक्षीला ठेवावे लागते.

म्हणून सर्व भाविकांस आमची नम्र विनंती आहे. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्या घरी यंदा होळीची गाठी घेऊन स्वतः जावे. महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी कोण बसले आहे, हे पाहू नये. नाथ महाराजांच्या चरणी हीच खरी सेवा होय.

आपला नम्र,
सचिव, मंदिर न्यास, बोरगाव