मासे सोडण्याआधी

मागच्या महिन्यात लेकीच्या हट्टापायी आमच्या घरी फिशटँक आला. पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी चार गोल्डफिश सोडले. पाणी अगदी नितळ, तरी आठवड्यात चारही मासे गेले. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. कारण शोधता शोधता माझी ओळख झाली सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाशी.

१८५६ साली कीव्ह शहरात एका श्रीमंत घरी त्यांचा जन्म झाला. आधी कायदा शिकायला गेले, मन लागलं नाही. मग पीटर्सबर्गला पियानो शिकले, तोही सोडला. शेवटी जीव रमला तो विज्ञानात.

त्या काळी एक कोडं होतं. शेणामुतातून निघणाऱ्या अमोनियाचं जमिनीत नायट्रेट होतं, तेच पिकाला लागतं. हे काम जिवाणू करतात हे कळलं होतं, पण ते कुणालाच वेगळे काढता येत नव्हते. सगळे त्यांना पौष्टिक खाणं देऊन वाढवायला बघत. झ्युरिकला विनोग्राडस्कींनी उलटंच केलं. पौष्टिक खाणं काढून घेतलं, नुसते क्षार आणि अमोनिया दिला. १८९० च्या सुमारास ते जिवाणू हाती आले. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट.

आमच्या टँकचं उत्तर इथंच होतं. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही माशांना विष. नायट्रेट त्यामानाने सौम्य, थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टँकमध्ये या टोळ्या नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत त्यांचं बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता फिल्टर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं. तपासणी किटमध्ये अमोनिया वाढून खाली येतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर टिकले की मासे सोडायचे, तेही थोडे थोडे. कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधल्या स्पंजाचा तुकडा मिळाला तर विरजणासारखा कामी येतो. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळावा.

एवढा मोठा शोध लावूनही विनोग्राडस्कींनी पुढे प्रयोगशाळा सोडली आणि गावी शेतीवाडी पाहू लागले. १९१७ च्या क्रांतीनंतर घरदार गेलं, देशही सुटला. १९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. पंधराहून जास्त वर्षांचा खंड पडलेला, तरी त्यांनी पुन्हा मातीतले जिवाणू तपासायला घेतले. लेक हेलेनही या कामात सोबत होती. १९४९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्यांचा मातीतल्या जिवाणूंवरचा मोठा ग्रंथ आला. १९५३ साली, ९६ व्या वर्षी ते गेले.

बी. ए. झाल्यावर वीस वर्षं मी अभ्यासाचं पुस्तक उघडलं नव्हतं. या माणसाबद्दल वाचल्यावर, आता उशीर झाला असं म्हणायची मला लाज वाटली.

आमच्या टँकचा सध्या तिसरा आठवडा आहे. धरणगावच्या उन्हाळ्यात मासे नसलेल्या पाण्याचं काय कौतुक, असं शेजारणी विचारतात. लेक काही बोलत नाही. रोज चिमूटभर खाणं टाकते आणि वहीत किटचे आकडे लिहिते.