अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा असे आपल्या कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम ताराबाई मोडकांचेच नाव आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा वाचून-ऐकून जे मनात राहिले ते घरगुती भाषेत सांगते, गोड मानून घ्यावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरचे वातावरण प्रार्थनासमाजाचे, सुधारकी. मुलीला शिकवावे की नाही, हा प्रश्नच त्या घरात नव्हता. ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडे. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी विवाह झाला, एक कन्या झाली. पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई घराबाहेर पडल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या स्त्रीला हे किती जड गेले असेल, ते आपणा बायकांना सांगायला नकोच. पण त्या रडत बसल्या नाहीत. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या.

नोकरी मानाची होती, पगार चांगला होता. परंतु जवळच भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते, त्याची कीर्ती त्यांच्या कानी आली. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असता त्यांनी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे पुस्तक वाचले, आणि वकिली सोडून ते लहान मुलांत रमले. लोक त्यांना कौतुकाने मिशीवाली आई म्हणत.

या मॉन्टेसरीबाई इटलीच्या, शिक्षणाने डॉक्टर. रोम शहरातल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की तिथली मुले जिन्यांतून उंडारत. बाईंनी त्यांना लाकडी दट्टे, ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे दिली, हात धुणे, बटणे लावणे, झाडणे अशी रोजची कामे दिली, आणि मोठ्या माणसाने मधे मधे न करता पाहत राहावे असे ठरविले. मूल आपल्या हाताने करते तेव्हाच शिकते, हे त्यांचे सार. पण हेही सगळे त्यांना एकटीला सुचले नव्हते. मंदबुद्धी मुलांना शिकविणाऱ्या इतार्द आणि सेगँ या फ्रान्समधल्या दोन डॉक्टरांचे लिखाण अभ्यासूनच त्या पुढे गेल्या होत्या. म्हणजे इटलीने फ्रान्सकडून घेतले, भावनगरने इटलीकडून घेतले. विद्येला परका देश नसतो, तो असा.

ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला आल्या आणि सुमारे नऊ वर्षे गिजुभाईंबरोबर राबल्या. १९२६ साली तिथेच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघे, पुढे ताराबाईंनी ते मराठीतही चालविले. १९३६ साली त्यांनी मुंबईला दादर येथे शिशुविहार काढला, बालशिक्षिका तयार केल्या. नाव झाले.

इथे कोणी थांबले असते. ताराबाईंच्या मनाला मात्र एक काटा टोचत होता. रोमला जी पद्धत मजुरांच्या मुलांसाठी निघाली, ती आपल्याकडे येऊन खाऊनपिऊन सुखी घरांपुरतीच राहिली. तिची साधने महाग, ती खेड्यात कोण घेणार? तेव्हा १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. बालपणीच विधवा झालेल्या अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, पाने, गोटे आणि माती आली. पण खरी परीक्षा पुढेच होती. बालवाडी मांडून ठेवली तरी आदिवासी पाड्यावरची मुले येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या मागे गुरे. आईबाप पोटामागे. त्यांना दोष देऊन ताराबाई घरी बसल्या असत्या तर आज मी हे लिहिले नसते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका साहित्य घेऊन पाड्यावर जाऊ लागल्या. आधी मुलांना आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. सारे झोपडीपुढच्या अंगणात. तीच अंगणवाडी! १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली, आणि शिकणाऱ्या मुलींची भावंडे सांभाळायला पाळणाघर जोडले.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अनुताईंनी कोसबाडचे काम अखेरपर्यंत चालविले.

भगिनींनो, हे वाचताना मला माझीच लाज वाटली. माझा मुलगा लहानपणी स्वतः जेवायला बघे, तर सांडेल म्हणून मी त्याच्या हातावर चापट मारी. परदेशची विद्या म्हणजे महागडी खेळणी आणि इंग्रजी पाटी, असेच मी समजत होते. ताराबाईंनी पाटी घेतली नाही, मर्म घेतले. आणि ते मर्म चिंचोक्यांतही मावते. वाटाणे सोलायला बसाल तेव्हा चार शेंगा शेजारच्या लेकराच्याही हातात द्या. दोन दाणे खाली सांडतील, तर सांडू द्या.