संत एलिझाबेथ सिटन आणि अनाथांचे पालकत्व

४ जानेवारी हा संत एलिझाबेथ ॲन सिटन यांचा स्मृतिदिन. अमेरिकेत जन्मलेल्या या पहिल्या संत. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्यांना संतपद बहाल केले. धर्मभगिनींच्या संस्थापिका म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. आम्ही मात्र आज त्यांच्यातील आईविषयी लिहीत आहोत.

त्या काळच्या अमेरिकेत वडील वारले की, आई हयात असली तरी, कायद्याच्या कागदांत मुले अनाथच ठरत. मुलांच्या वाट्याला मालमत्ता येणार असल्यास न्यायालय पालक नेमी, आणि तो बहुधा एखादा पुरुष नातलग असे. (घराण्याचा इतिहास शोधणारे आजचे अमेरिकन जुन्या दप्तरात ‘अनाथ’ हा शब्द पाहून आईही वारली असावी, असे समजतात व फसतात.)

एलिझाबेथ यांचा जन्म १७७४ सालचा. तीन वर्षांच्या होण्याआधीच त्या आईला मुकल्या. १७९४ मध्ये न्यूयॉर्कचे व्यापारी विल्यम सिटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७९८ मध्ये सासरे वारले आणि पतीच्या धाकट्या भावंडांचा सांभाळ त्यांच्याकडे आला. लहान मुले असलेल्या गरीब विधवांना साह्य करणाऱ्या संस्थेतही त्या काम करीत होत्या. पुढे व्यापार बुडाला, आणि डिसेंबर १८०३ मध्ये इटलीतील पिसा येथे पती क्षयाने निवर्तले. पालकाने सांभाळावी अशी मालमत्ता उरली नव्हती. उरली होती पाच मुले. थोरली आठ वर्षांची, धाकटी जेमतेम सव्वा वर्षाची. १८०५ मध्ये त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा अनेक आप्तांनी पाठ फिरवली.

१८०९ मध्ये मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापिला आणि खरा पेच उभा राहिला. संत विन्सेंट डी पॉल यांच्या भगिनींची फ्रान्समधील नियमावली स्वीकारायची, तर मुलांची जबाबदारी असलेली माता संघाची प्रमुख कशी राहणार? एलिझाबेथ यांचे मत पक्के होते. मुले आणि संघ यांत निवड करावी लागली, तर त्या मुलांची निवड करणार होत्या. आर्चबिशप जॉन कॅरल यांनी त्यांची बाजू समजून घेतली. १८१२ मध्ये नियमावली अमेरिकेतील परिस्थितीनुसार बदलून मान्य झाली आणि मुलांचे पालकत्व आईकडेच राहिले. नियमापेक्षा माणूस ओळखणारा मेंढपाळ तो हाच, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी थोरली ॲना मारिया वारली, १८१६ मध्ये रिबेका. दोघींची शुश्रूषा आईनेच केली. दरम्यान १८१४ मध्ये संघाच्या भगिनी फिलाडेल्फियाच्या अनाथालयात सेवेसाठी गेल्या, १८१७ मध्ये न्यूयॉर्कला. १८२१ मध्ये एलिझाबेथ यांनी देह ठेवला, तेव्हा वीस वर्षांची कॅथरीन त्यांच्यापाशी होती. तीही पुढे धर्मभगिनी झाली आणि न्यूयॉर्कच्या तुरुंगांतील बंदिवानांची सेवा करीत १८९१ पर्यंत जगली.