संतांना बोट लागली तेव्हा



काही वर्षांपूर्वी आम्ही काही धर्मगुरू फातिमा मातेच्या यात्रेला पोर्तुगालला गेलो होतो. परतीच्या आधी एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून पोर्तो शहराच्या उत्तरेला विला दो कोंद नावाच्या गावी गेलो. तेथे आवे नदीच्या काठाला सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाची लाकडी प्रतिकृती उभी आहे. अशा जहाजाला पोर्तुगीज लोक नाऊ म्हणतात. आपल्या ‘नाव’ या शब्दाशी त्याचे नाते फार जुने आहे.

आत शिरलो. माझी उंची बेताची, तरी दोनदा डोके तुळईला आपटले. खालच्या मजल्यावर लाकूड, डांबर आणि दोरखंडांचा वास कोंडला होता. सोबतचे फादर पाऊण तासात बाहेर पडून कॉफी प्यायला गेले. मी मात्र एका पिंपाशेजारी उभा राहिलो आणि मनात हिशेब करू लागलो. अशाच एका जहाजात बसून संत फ्रान्सिस झेवियर आपल्या देशाकडे निघाले होते. लिस्बन सोडल्यापासून गोव्याला पाय लागेपर्यंत त्यांना तेरा महिने लागले.

आपण त्यांना ओळखतो ते हातात क्रूस उंचावलेल्या तसबिरीतून आणि गोव्याच्या चांदीच्या पेटीतून. 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत शवप्रदर्शन झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले. परतताना बोलणे झाले ते रांगेचे आणि उन्हाचे. जहाजाचे बोलणे कोणी काढले नाही. मीही नाही.

खरे तर समुद्र हा फ्रान्सिस यांचा प्रांतच नव्हता. 7 एप्रिल 1506 रोजी नव्हारा राज्यातल्या झेवियर गावच्या वाड्यात ते जन्मले. आजूबाजूला डोंगर, शेती आणि मेंढरे. नऊ वर्षांचे असताना वडील वारले, आणि पुढच्याच वर्षी जिंकणाऱ्या पक्षाच्या हुकमाने त्यांच्या वाड्याचे बुरूज पाडण्यात आले. भाऊ लढाईवर गेले, फ्रान्सिस 1525 साली पॅरिसला शिकायला गेले. तेथे ते तत्त्वज्ञान शिकले आणि पुढे ॲरिस्टॉटल शिकवूही लागले. सेमिनरीत मीही त्याच ॲरिस्टॉटलवर काही वर्षे घालवली आहेत. बोटीत त्याचा काही उपयोग होत नाही, एवढे मी सांगू शकतो. त्यांच्याच खोलीत पुढे लोयोलाचे इग्नेशियस राहायला आले आणि त्यांचे आयुष्य बदलले, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले आहे. 1534 साली मोंमार्त्रच्या टेकडीवर त्या मित्रांनी व्रते घेतली आणि 1537 साली व्हेनिस शहरात फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली.

भारतात यायचे त्यांच्या नावावर नव्हते. पोर्तुगालच्या राजाने धर्मगुरू मागितले, तेव्हा इग्नेशियस यांनी बोबादिया नावाच्या दुसऱ्याच सोबत्याला नेमले होते. तो ऐन वेळी आजारी पडला. मग मार्च 1540 मध्ये, हाताशी होते तेवढ्याच सामानानिशी, फ्रान्सिस रोमहून निघाले. एका माणसाच्या दुखण्यामुळे आपल्या किनाऱ्याचा इतिहास बदलला.

7 एप्रिल 1541 रोजी, त्यांच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून सुटला. नवे गव्हर्नर मार्तीम आफोन्सो द सोझा यांच्या ‘सान्तियागो’ जहाजावर फ्रान्सिस होते. पोपसाहेबांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्या नावाची पत्रे होती, तेव्हा त्यांनी दिमतीला नोकर घ्यावा असा वरिष्ठांचा आग्रह होता. फ्रान्सिस यांनी तो मानला नाही. आपले कपडे ते आपणच धूत, आणि त्याने आपला मान कमी होतो असे त्यांना वाटत नसे.

आता त्या जहाजावरचे जगणे डोळ्यांपुढे आणा. अशा एका नाऊवर पाच-पाचशे माणसे कोंबलेली असत: खलाशी, सैनिक, व्यापारी, शिक्षा म्हणून देशाबाहेर काढलेले कैदी, आणि दहा-बारा वर्षांची पोरेही. चांगल्या खोल्या मोजक्याच आणि त्या मोठ्यांच्या. बाकीच्यांनी आपल्या पेटीशेजारी किंवा उघड्यावर, पावसात आणि उन्हात पथारी टाकायची. खायला दगडासारखी कडक बिस्किटे आणि खारवलेले मांस. पाणी दिवसाला माणशी दीड लिटरपेक्षा कमी, आणि विषुववृत्ताजवळ पोहोचेपर्यंत पिंपात ते सडू लागे. जहाजाच्या तळाशी झिरपलेले घाण पाणी रोज पंपाने उपसावे लागे. ती पोरे वाळूचे घड्याळ सांभाळीत. अर्ध्या तासाची वाळू पडून गेली की घड्याळ उलटे करायचे आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायची, रात्रीसुद्धा. कुणाच्या तरी आईने लिस्बनच्या धक्क्यावर सोडलेली ती मुले. त्यांतली किती घरी परतत असतील?

फ्रान्सिस यांना दोन महिने बोट लागली. आपल्यापैकी जे लहान होडीने मासेमारीला जातात त्यांना पहिल्या दिवसाचे पोटात ढवळणे आठवत असेल. ते दोन महिने चालले असे समजा. त्यातच गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि चाळीस दिवस जहाज उकाड्यात जवळजवळ जागच्या जागी राहिले. मग माणसे आजारी पडू लागली. हिरड्या सुजत, दात हलत, पाय काळेनिळे पडत. ताज्या भाज्या आणि फळे न मिळाल्याने हा रोग होतो हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. लिंबा-संत्र्याचा गुण ब्रिटिश आरमारातल्या लिंड नावाच्या डॉक्टराने प्रयोगाने दाखवला तो 1747 साली, दोनशे वर्षांनंतर.

स्वतःला उभे राहवत नसताना फ्रान्सिस आजाऱ्यांमध्ये राहिले. गव्हर्नरच्या टेबलावरचे अन्न ते त्यांच्याकडे नेत. त्यांची घाण काढीत, त्यांचे कपडे धूत, कन्फेशन ऐकत. रविवारी प्रवचन देत. डोलत्या जहाजावर प्याला कलंडू नये म्हणून त्या काळी समुद्रावर परिवर्तनाशिवायची ‘कोरडी मिस्सा’ करण्याची रीत होती. दर रविवारी अंगणापलीकडे चर्च असलेल्या आपल्याला ही उपासमार कळायची नाही.

आफ्रिकेला वळसा घालेपर्यंत उशीर झाला. आपल्या कोळी बांधवांना यातली अडचण सांगावी लागणार नाही. त्या काळी पावसाळ्याचे वारे संपत आले की पश्चिमेकडून भारताला जहाज येत नसे, आणि मे अखेर गोव्याचे बंदर बंद होई. दिवस चुकला की अख्खे वर्ष चुकले. म्हणून मोझांबिकच्या बेटावर सहा महिने थांबावे लागले आणि तेथे सुमारे ऐंशी माणसे मेली. फ्रान्सिस स्वतः तापाने पडले. वैद्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे रक्त काढले. पुढे गव्हर्नर दुसऱ्या जहाजाने निघाले आणि त्यांना सोबत घेऊन गेले. दोन्ही सोबती आजाऱ्यांसाठी मागे राहिले. 6 मे 1542 रोजी फ्रान्सिस गोव्याला उतरले.

यानंतरची कथा आपल्याला पाठ आहे: गोव्याच्या रस्त्यांवरची घंटा, मोत्यांच्या किनाऱ्यावरचे परव लोक, मलाक्का, मसाल्यांची बेटे. 1544 च्या अखेरीस आणि पुन्हा 1548 साली ते आपल्या वसईलाही आले होते. ते आपल्यासारखेच माणूस होते आणि आपल्या काळाचेही होते. 1546 साली मसाल्यांच्या बेटांवरून त्यांनी राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1560 साली आले, आणि त्याने कोणाकोणाला किती यातना दिल्या हे आपण जाणतो. मला ही गोष्ट झाकावीशी वाटत नाही. आजाऱ्यांची घाण काढणारे हात आणि ते पत्र लिहिणारा हात एकच होता.

1549 साली ते जपानला गेले ते एका चिनी माणसाच्या जंक जहाजातून. या तांडेलाचे टोपणनावच ‘चोर’ असे होते. जहाजाच्या मागच्या भागात मूर्ती होती आणि कुठे वळायचे हे तिच्यापुढे कौल लावून ठरे. जुलै महिन्यात वादळात फ्रान्सिस यांचा चिनी सोबती मान्युएल तळाकडच्या उघड्या भगदाडातून खाली पडला. त्याच्या डोक्याला मोठी जखम झाली, पण तो वाचला. त्याच दिवशी तांडेलाची मुलगी समुद्रात पडली आणि बापाच्या डोळ्यांदेखत बुडाली. रात्रभर रडारड चालली. मूर्तीला नैवेद्य दाखवून कौल लावला तर उत्तर आले की मान्युएल मेला असता तर मुलगी पडली नसती. भर समुद्रात, शोकाने वेड्या झालेल्या माणसांमध्ये, त्या उत्तराचा अर्थ काय होऊ शकतो हे त्या काही ख्रिस्ती माणसांना नीट कळले असणार. तरीही 15 ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्याच तांडेलाने त्यांना कागोशिमाला सुखरूप उतरवले.

शेवटचे जहाज ‘सान्ता क्रूझ’. 1552 साली फ्रान्सिस यांना चीनला जायचे होते. तेथे परक्यांना बंदी होती, म्हणून त्यांचा मित्र दियोगो पेरेरा याने राजाचा वकील बनून जायचे असे ठरले. मलाक्काच्या कप्तानाला हे खपले नाही. हा कप्तान वास्को द गामाचा मुलगा होता. त्याने सान्ता क्रूझचे सुकाणूच काढून नेले. पोपसाहेबांच्या प्रतिनिधीचा अधिकार फ्रान्सिस यांनी दहा वर्षे कधी पुढे केला नव्हता. तो त्यांनी त्या दिवसांत प्रथम वापरला आणि त्याचाही उपयोग झाला नाही. अखेर पेरेरा मलाक्कात राहिला. जहाज कप्तानाच्या माणसांच्या ताब्यात गेले आणि फ्रान्सिस त्यातच बसून निघाले.

चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर व्यापाऱ्यांच्या झावळ्यांच्या झोपड्या होत्या. एका चिनी व्यापाऱ्याने दोनशे क्रुझादोंहून अधिक किमतीच्या मिरीच्या मोबदल्यात त्यांना रात्री चोरून कँटनला सोडायचे कबूल केले. पकडले तर तुरुंग किंवा मरण. ठरलेला दिवस 19 नोव्हेंबर होता. फ्रान्सिस किनाऱ्यावर वाट पाहत राहिले. होडी आली नाही. व्यापारी जहाजे एकेक करून परतत होती, थंडी वाढत होती.

21 तारखेला ताप चढला. दुसऱ्या दिवशी ते सान्ता क्रूझवर जाऊन झोपले, पण जहाजाचे डोलणे त्यांना सोसवेना. तेरा महिन्यांचा तो प्रवास आणि पुढची सारी गलबते सोसलेल्या माणसाला नांगरलेले जहाज सोसवेना. सकाळी त्यांना पुन्हा झोपडीत आणले. गोव्याच्या संत पौल कॉलेजात शिकलेला अंतोनिओ हा चिनी तरुण त्यांच्याजवळ होता. ते भ्रमात कोणाशी तरी बोलत. त्यांतली एक भाषा त्याला कळतच नव्हती. बहुधा ती आईची, नव्हाराची भाषा असावी. 3 डिसेंबरला उजाडण्याआधी अंतोनिओने त्यांच्या हातात मेणबत्ती दिली. फ्रान्सिस सेहेचाळीस वर्षांचे होते.

पुरायला अंतोनिओसह चारच माणसे होती. अंगावरचे मांस लवकर झडावे आणि हाडे नेता यावीत म्हणून शवपेटीत चुना भरला. अडीच महिन्यांनी, 17 फेब्रुवारी 1553 रोजी, परतीचा वारा सुरू झाला तेव्हा कबर उकरली. शव जसेच्या तसे होते. पेटी सान्ता क्रूझवर चढवली आणि जहाज मलाक्काच्या वाटेला लागले. या सगळ्या दिवसांची हकिकत आपल्याला ठाऊक आहे ती अंतोनिओने पुढे लिहून ठेवली म्हणून.