पडद्यावरील सासूबाई : श्रीमती ललिता पवार

एखाद्या घरी सासू फार कडक असली, म्हणजे शेजारपाजारच्या बाया तिला हळूच ललिता पवार म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी हे नाव ह्याच अर्थाने ऐकले आहे. परंतु ही ललिता पवार कोण, असे वर्गात विचारले असता कोणाचाच हात वर झाला नाही. माणसाचे नाव भाषेत शब्द होऊन राहावे आणि माणूस मात्र विसरला जावा, हे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ललिताबाईंचा जन्म 1916 साली नाशिक जिल्ह्यातील येवले ह्या गावी झाला. येवले म्हणजे पैठण्यांचे गाव, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. त्या काळी कुलीन घरच्या स्त्रीने चित्रपटात काम करणे म्हणजे मोठाच गहजब समजला जाई. दादासाहेब फाळके ह्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा राणी तारामतीच्या कामासाठी त्यांस स्त्री मिळेना. अखेर अण्णा साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवून त्यांनी ते काम करून घेतले. पुढे पंधरा वर्षांनी, 1928 च्या सुमारास, हरिश्चंद्राच्याच कथेवर दुसरा एक मूकपट निघाला, आणि त्यात ही चिमुरडी अंबा बालनटी म्हणून पडद्यावर आली. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत तिचे आरंभीचे शिक्षण झाले.

मूकपट म्हणजे काय, हे आजच्या मुलांस समजावून सांगितले पाहिजे. पडद्यावरची माणसे बोलत, परंतु त्यांचा आवाज ऐकू येत नसे. राग, लोभ, दुःख, कपट, सारे काही नटाने तोंडावर दाखवावयाचे. नटाचा चेहरा हेच त्याचे भांडवल. ललिताबाईंच्या अंगी हा गुण पुरेपूर होता. शिवाय रूप होते, धिटाई होती. 1931 साली निघालेल्या ‘दिलेर जिगर’ ह्या मूकपटात त्या नायिका होत्या. त्याचे दिग्दर्शक गणपतराव पवार ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पवार हे आडनाव त्यांस कायमचे चिकटले. (पुढे त्यांचा दुसरा विवाह निर्माते राजप्रकाश गुप्ता ह्यांच्याशी झाला, परंतु लोकांच्या तोंडी पवार हेच नाव राहिले.) बोलपटांचे युग आले तेव्हा अनेक मूकनट मागे पडले, ह्या मात्र पुढे सरल्या. त्या स्वतःची गाणी स्वतः गात. टॉलस्टॉय ह्या रशियन ग्रंथकाराच्या ‘रिझरेक्शन’ ह्या कादंबरीवर ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी 1937 साली स्वतःच काढला आणि त्यात काम केले. विशीतल्या स्त्रीने चित्रपटनिर्मितीचे साहस करावे, हे त्या काळी थोडेथोडके नव्हते.

आता आम्ही 1942 सालापाशी येतो. ‘जंग-ए-आझादी’ ह्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगी नटाने नायिकेच्या तोंडात मारावयाची होती. तो नट म्हणजे भगवान, जो पुढे ‘अलबेला’ चित्रपटामुळे भगवानदादा म्हणून सर्वतोमुखी झाला.  नाटकात वा चित्रपटात हात नुसता लागल्यासारखा करावयाचा असतो. त्या दिवशी तो खरोखरीच लागला, आणि जबर लागला. मनात वैर नव्हते, हेतू वाईट नव्हता. परंतु ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातील शीर दुखावली आणि अर्ध्या चेहऱ्यावरून वारे गेले. सुमारे तीन वर्षे औषधोपचार चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला. डावा डोळा मात्र जन्माचा बारीक राहिला.

वय होते सव्वीस. ज्या चेहऱ्यावर सारा संसार उभा होता, तोच मोडला. नायिकेची कामे संपली, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. आपल्यापैकी कोणी असता तर काय करता? घरी बसता, दैवास बोल लावता, नाहीतर त्या नटाचा जन्मभर द्वेष करता. ललिताबाईंनी दुसऱ्या प्रतीची म्हणून जी कामे समजली जात ती पत्करली. सासू, जाऊ, सावत्र आई, घरमालकीण, कजाग शेजारीण, ह्या भूमिकांसाठी कोणी भांडत नसे. जाहिरातीत त्यांची नावे बारीक अक्षरांत असत.

उपचारांचे दिवस पुरते सरले नव्हते तोच प्रभात कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (1944) ह्या चित्रपटात त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’ चा ‘मा’ करणारी म्हणून परंपरेने जिला दोष दिला, ती ही आनंदीबाई. न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुण्यांचे काम गजानन जागीरदारांनी केले होते. त्यांच्यासमोर तोलामोलाची स्त्री उभी करावयाची, म्हणजे केवळ डोळे वटारून भागत नाही.

पुढे 1950 साली व्ही. शांताराम ह्यांचा ‘दहेज’ निघाला. हुंड्यापायी एका मुलीचा कसा बळी जातो, हा त्याचा विषय. पृथ्वीराज कपूर मुलीचे बाप, जयश्री ती मुलगी, आणि ललिताबाई तिची सासू. बाप घरदार विकून हुंडा घेऊन येतो, तो लेक मरणाच्या दारी! ही कथा पाहून त्या काळच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांस धारा लागत आणि सासूला ते शिव्याशाप देत. हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, 1961 साली झाला. चित्रपटामुळे कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु हुंडा मागणाऱ्या बाईचे तोंड कसे दिसते, हे त्या आधीच सर्वांनी पाहिले होते. आमच्या पालकवर्गापैकी ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालू असतील, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे भाग आहे. चित्रपटवाल्यांनी त्या बारीक डोळ्याचा उपयोग दुष्टपणाची खूण म्हणून केला. डोळा अधू म्हणजे मन वाकडे, ही समजूत आम्हांस मुळीच मान्य नाही. शाळेच्या मैदानावर डोळ्याने किंवा पायाने अधू असलेल्या मुलास ज्या नावांनी हाका मारल्या जातात, त्यांचे मूळ ह्याच समजुतीत आहे. आणि गंमत अशी की, ह्या समजुतीचे सर्वांत चांगले खंडन ललिताबाईंनीच त्याच डोळ्याने केले.

ते खंडन म्हणजे 1959 सालचा हृषीकेश मुखर्जी ह्यांचा ‘अनाडी’. त्यात त्या मिसेस डिसा नावाच्या वृद्ध ख्रिस्ती घरमालकीण आहेत. त्यांच्याकडे राज कपूर हा गरीब, भोळा, बेकार तरुण भाड्याने राहतो. बाई तोंडाने सदैव कडाडत असते. भाडे थकले म्हणून बोल लावते. परंतु पोर उपाशी तर नाही ना, ह्या काळजीने तिला चैन पडत नाही. पुढे ती आजारी पडते, भेसळीच्या औषधाने तिचा अंत होतो, आणि ज्या पोरावर तिने पुत्रवत प्रेम केले त्याच्यावरच विष घातल्याचा आळ येतो. चेहरा तोच, डोळा तोच, कडक आवाज तोच. आणि तरी ह्या म्हातारीच्या पायांवर डोके ठेवावेसे वाटते! शेजारधर्म म्हणजे काय, हे मुलांस शिकविताना आमच्या मनात हटकून मिसेस डिसा येतात. ह्या भूमिकेसाठी त्यांस सहनायिकेचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि 1961 साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

अशी प्रेमळ कामे त्यांनी आणखीही केली. ‘श्री 420’ (1955) मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आहेत. गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या आपल्या गंगाखेडास हे नाव परके वाटू नये. ‘आनंद’ (1971) मध्ये त्या रुग्णालयाच्या करारी मेट्रन आहेत. विनोदही त्यांस वर्ज्य नव्हता. ‘जंगली’ (1961) मध्ये घरात हसण्याचीच बंदी करणारी आई, आणि ‘प्रोफेसर’ (1962) मध्ये खोट्या दाढीच्या म्हाताऱ्यावर भाळणारी कडक आत्या पाहून हसू आवरत नाही.

रामानंद सागर ह्यांचे ‘रामायण’ 1987 साली दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा ललिताबाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी मंथरेचे काम केले. रविवारी सकाळी ज्या घरी संच असे त्या घरी आळीच्या आळी जमे, हे आमच्या पालकांस आठवत असेल. कैकेयीच्या कानाशी लागलेली ती वाकलेली म्हातारी पडद्यावर दिसताच आज्या बोटे मोडीत. सुमारे पाच तपांच्या कारकीर्दीनंतरही ही बाई लोकांस रागावण्यास लावू शकत होती.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यास औंध येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते, आणि वार्ता बाहेर कळण्यास काही दिवस लागले. शेकडो चित्रपटांतून जिने भरली घरे गाजविली, तिचा शेवट असा एकांतात झाला.

2020 साली साथीमुळे सर्व देश घरात कोंडला गेला, शाळाही बंद होत्या, तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. आज आमच्या वरच्या वर्गांत बसणारी मुले तेव्हा लहान होती. त्यांपैकी एकीने आम्हांस सांगितले की मंथरा दिसली की ती उशीत तोंड लपवीत असे, आणि आजी तिला सांगे की ती खरी मंथरा नाही, ती ललिता पवार आहे.