डॉ. कमल रणदिवे

‘टाटाला नेले’ हे शब्द तुम्ही कधी ना कधी ऐकले असतील. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ते सर्वांना ठाऊक आहेत. बोलणारा माणूस हे शब्द हळू आवाजात बोलतो. टाटा म्हणजे मुंबईत परळ येथे असलेले टाटा स्मारक रुग्णालय. शहापूरकडचा रुग्ण आसनगावला लोकल पकडतो. मुरबाडकडचा रुग्ण एस.टी.ने कल्याणला येतो आणि तेथून गाडीत बसतो. त्याचा आजार बहुधा कर्करोग असतो. आपण घरी त्याला कॅन्सर किंवा सरतान म्हणतो.

मी लहान असताना आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहत होत्या. त्यांच्या छातीत गाठ आली होती. लाजेमुळे वर्षभर त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. सांगितली तेव्हा फार उशीर झाला होता. बायका एकमेकींना विचारत, हिलाच का झाले? त्याचे उत्तर कुणाजवळ नव्हते.

हाच प्रश्न एका बाईंनी आपल्या आयुष्याचे काम म्हणून घेतला. त्या रुग्णांना औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या संशोधक होत्या. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलगा असो की मुलगी, सर्वांनी शिकले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कमल हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकली आणि पुढे फर्ग्युसनमध्ये गेली. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे वडिलांना वाटत होते. कमलने या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय निवडले. १९३९ साली तिचा विवाह गणिताचे जाणकार ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून तिने एम.एस्सी. केले. विषय ऐकाल तर हसाल. सीताफळ, रामफळ ज्या कुळात येतात, त्या कुळातील झाडांच्या पेशींचा अभ्यास तिने केला होता!

विवाहानंतर कमलताई मुंबईला आल्या. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथे डॉ. वसंत खानोलकर हे मोठे विकृतिशास्त्रज्ञ होते. रोगामुळे शरीराच्या पेशींत काय बदल होतात, हे पाहणारे ते विकृतिशास्त्र. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. झाडाच्या पेशींकडून त्या उंदराच्या पेशींकडे वळल्या.

उंदीर कशासाठी, असे तुम्ही विचाराल. ते समजण्यासाठी आधी शरीरातील एक गोष्ट लक्षात घेऊ.

आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात. तुमच्या उर्दू विज्ञानात त्यांना गुदूद म्हणतात. या ग्रंथींपैकी काही ग्रंथी अगदी थोडी रसायने थेट रक्तात सोडतात. त्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. मुलाला मिसरूड फुटते, उंची वाढते, आईला दूध येते, हे सारे संप्रेरकांमुळे होते. त्यांचे प्रमाण बिघडले की शरीराचेही बिघडते.

स्तनाच्या कर्करोगाचा या रसायनांशी काही संबंध असावा, अशी शंका जुनी आहे. ग्लासगो शहरातील जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने काही रुग्ण स्त्रियांचे बीजांडकोश शस्त्रक्रियेने काढून टाकले. त्यानंतर त्यांच्या स्तनातील गाठी लहान झालेल्या त्याला दिसल्या. त्याने हे १८९६ साली प्रसिद्ध केले. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो १९०५ साली आला. पुढे १९३२ साली फ्रान्समध्ये लाकासान्य या शास्त्रज्ञाने नर उंदरांना मादीचे संप्रेरक टोचले. नरांना सहसा न होणारा स्तनाचा कर्करोग त्यांना झाला.

मग १९३६ साली अमेरिकेतून वेगळीच बातमी आली. काही वंशांच्या उंदरांत हा रोग फार होतो, काहींत जवळजवळ होतच नाही. जॉन बिटनर यांनी रोग होणाऱ्या वंशाची पिल्ले जन्मताच उचलली आणि निरोगी वंशाच्या मादीचे दूध त्यांना पाजले. त्या पिल्लांत रोग खूपच कमी झाला. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी पिल्लात जात होते. तो एक विषाणू होता, हे पुढे कळले.

आता सांगा, खरे कारण कोणते? संप्रेरक, विषाणू की वंश? कमलताईंनी एकच कारण धरून ठेवले नाही. रोग होणारे आणि न होणारे, असे वेगवेगळ्या वंशांचे उंदीर त्यांनी पाळले. त्यांच्या स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची तुलना केली. आईबापांकडून काय आले, मादीला पिल्ले झाली की नाही, ग्रंथीची रचना कशी आहे, याच्या नोंदी ठेवल्या. हे काम एका दिवसात होणारे नाही. एक मादी म्हातारी होईपर्यंत थांबायचे, मग तिची लेक, मग नात! मला विचाराल तर परीक्षेच्या अभ्यासापेक्षा हे अवघड आहे. या कामातून दिसले की विषाणू आणि संप्रेरके यांचा एकमेकांशी संबंध येतो आणि त्यावरही रोग होणे न होणे अवलंबून असते. हे नाते ओळखणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत कमलताईंचे नाव घेतले जाते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. उंदरात दिसले ते माणसात तसेच असते असे नाही. उंदरांतील त्या विषाणूमुळे माणसाला कर्करोग होतो, हे आजपर्यंत सिद्ध झालेले नाही. संप्रेरकांचे मात्र माणसातही खरे ठरले. आज स्तनातील कर्करोगाच्या गाठीचा तुकडा तपासताना तिच्या पेशी संप्रेरकांना दाद देतात का, हे पाहतात. देत असतील तर संप्रेरकाचा परिणाम थांबवणाऱ्या गोळ्या रुग्णाला देता येतात.

पीएच.डी. झाल्यावर कमलताई अमेरिकेत बाल्टिमोर येथे गेल्या. तेथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत वाढवण्याचे तंत्र त्या शिकल्या. त्यांना परदेशात राहता आले असते, पण त्या परत आल्या. परळला १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे त्यांनी असे तंत्र वापरणारी देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले.

त्या काळी प्रयोगशाळेत स्त्रिया थोड्याच दिसत. ज्या होत्या त्यांना घर, मूल आणि नोकरी यांची ओढाताण सोसावी लागे. हे जाणून १९७३ साली कमलताईंनी काही सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. वाशीला या संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालवले. शास्त्रज्ञांनी पाळणाघर काढावे, याचे कुणाला नवल वाटेल. ज्या घरात तान्हे मूल आहे, तेथील मुलींना वाटणार नाही. १९८२ साली भारत सरकारने कमलताईंना पद्मभूषण हा किताब दिला.

आता जरा तुमच्या गावाच्या पूर्वेला पाहा. शहापूरकडून आजोबाचा डोंगर दिसतो. मुरबाडहून माळशेजकडे जाताना हरिश्चंद्रगडाचे कडे दिसतात. या भिंतीच्या अलीकडे पडलेला पाऊस भातसा व काळू या नद्यांना मिळतो. पलीकडचा प्रवरा व मुळा यांना. पलीकडे आहे अकोले तालुका. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तिकडेही आपल्याकडच्यासारखेच महादेव कोळी आणि ठाकर लोकांचे पाडे आहेत, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्यासारखीच धान्याची ओढ असते.

सत्तरी ओलांडलेल्या कमलताई १९८९ साली त्या भागात आल्या. राजूरच्या सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. प्रयोगशाळेत पिंजऱ्याशेजारी बसून नोंदी करणाऱ्या बाई आता पाड्यापाड्यांतल्या मुलांच्या नोंदी करू लागल्या. आरोग्याचे साधे काम स्वतः करता यावे म्हणून तेथील स्त्रियांना त्यांनी शिकवलेही.

११ एप्रिल २००१ रोजी कमलताईंचे निधन झाले. परळचे ते संशोधन केंद्र आता नवी मुंबईत खारघरला आहे. तेथे आजही पेशी काचेच्या भांड्यांत वाढवल्या जातात, आणि उंदरांचे पिंजरेही आहेत.